नाव तपासायचं राहिलं

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, रोज पाच ओळी लिहायच्या, जे वाटतं ते. मी म्हटलं, मला काही वाटत नाही. म्हणाल्या, मग तेच लिहा. तर, काही वाटत नाही. सकाळी अंडं उकडून खाल्लं, ऑफिसला गेलो, घरी आलो.

बायको जाऊन उद्या सहा महिने होतील. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. लोक भेटले की म्हणतात, सावर. मी सावरलेलाच आहे, त्यांना ते दिसत नाही त्याला मी काय करू?

आम्ही एकाच कंपनीत होतो, एकाच खोलीत. तिची खुर्ची खिडकीकडची, माझी दाराकडची. ऑफिसातून पुन्हा निरोप आलाय की तिचं संगणकावरचं खातं अजून चालू आहे, ते बंद करायला माझी मान्यता हवी. हा सहावा निरोप. वेळ मिळाला की करतो.

५ मार्च, गुरुवार

आज ऑफिसात सगळ्यांची पाचावर धारण बसली. आमची कंपनी इस्पितळांसाठी एकच काम करते. प्रयोगशाळेत कुणाच्या रक्तात जिवावर बेतणारं काही दिसलं, की त्याच क्षणी वॉर्डातल्या नर्सच्या फोनवर इशारा पोचवायचा. रोज दोन-चार इशारे जातात. एका मोठ्या इस्पितळात गेले नऊ दिवस एकही पोचला नव्हता. इशारा नाही म्हणजे सगळं छान चाललंय, असं समजून तेही खूश आणि आम्हीही खूश.

चौथ्या मजल्यावर एक बाई होती, अडतीस वर्षांची. रक्तातलं पोटॅशियम फार वाढलं होतं. प्रयोगशाळेने इशारा सोडला, तो पोचला नाही, आणि तासाभरात तिचं हृदय थांबलं. चार मिनिटांनी परत सुरू केलं. बाई जिवंत आहे. पण बोलायला गेली की शब्द सापडत नाहीत.

इशारे गेले कुठे, तर आमच्याच सरावाच्या सर्व्हरवर. तो नवीन लोकांना शिकवण्यापुरता ठेवलाय. काहीही पाठवा, तो 'मिळालं' म्हणतो आणि फेकून देतो. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाने पत्त्यांच्या यादीत इस्पितळाच्या नावापुढे चुकून त्या सरावाच्या सर्व्हरचा पत्ता घातला होता. त्याला सगळे वायरमन म्हणतात. बावन्न वर्षांचा, दोन मुली कॉलेजात. त्याला आजपासून घरी बसवलंय. जाताना टेबलावरचा कपसुद्धा नेला नाही.

मी दुपारी डबा खाल्ला. चव कळली नाही, पण ती हल्ली कळतच नाही.

६ मार्च, शुक्रवार

मॅडमनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, सकाळी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाल्या, "मला एक सांग. पत्ता चुकला, मान्य. पण आपला प्रोग्राम समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र बघतो ना? मग चुकीच्या दारात गेल्यावर तो परत का नाही फिरला?"

बरोबर प्रश्न. प्रमाणपत्रात तीन गोष्टी बघायच्या असतात. शिक्का खरा आहे का, मुदत संपली नाही ना, आणि ज्याच्याशी बोलायला आलो त्याचंच नाव त्यावर आहे का. सरावाच्या सर्व्हरकडे प्रमाणपत्र होतं. शिक्का अस्सल, मुदत बाकी. नाव मात्र त्याचं स्वतःचं, इस्पितळाचं नाही. नाव बघितलं असतं तर प्रोग्रामने पहिल्याच मिनिटाला नकार दिला असता, संगणकाचा पडदा लाल झाला असता, वायरमनने पाच मिनिटांत चूक निस्तरली असती. नाव बघितलं गेलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी कुणीतरी नावाची तपासणी बंद करून ठेवली होती. प्रोग्राममधल्या एका ओळीत होतं ते. वर शेरा: 'तात्पुरतं. नवीन प्रमाणपत्र आलं की काढणे.'

कुणी, ते शोधायला वेळ लागत नाही. प्रोग्राममधला प्रत्येक बदल कुणी केला आणि कधी केला, त्याची नोंद राहते. मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला. बायकोचं नाव होतं. तारीख, आणि वेळ, संध्याकाळी सहा वाजून चौदा मिनिटं.

मॅडम म्हणाल्या, "मला फार वाईट वाटतंय रे."

मी पाणी प्यायलो आणि जागेवर जाऊन बसलो.

ती ओळ मी लिहिली आहे. ही वही कुणी वाचत नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. इस्पितळाने तेव्हा नाव बदललं होतं आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र यायला आठवडा लागणार होता. तोवर आमचा प्रोग्राम अडून बसला होता. तो भाग तिच्याकडे होता, माझ्या खात्यातून हात लावता येत नव्हता, आणि ती रजेवर होती. जाताना, काही अडलं तर असू दे, म्हणून पासवर्ड सांगून गेली होती. मी तिच्या खात्यातून शिरलो, ओळ टाकली, इशारे सुरू झाले, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. प्रमाणपत्र आठवड्याने आलं. ओळ काढायची राहिली. ती परत आली तेव्हा तिने विचारलं होतं, "माझ्या नावाने काय काय उद्योग केलेस?" मी म्हटलं, काही नाही गं, बारीकसारीक.

८ मार्च, रविवार

अप्पा आले. अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. आयुष्यभर लिफ्टची तपासणी करायची नोकरी केली. अजूनही कुठे लिफ्टमध्ये शिरले की आधी भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचतात, मग बटण दाबतात. दर रविवारी येतात, बटाटे उकडतात, वाद घालतात, आणि पाचच्या आत परत जातात. तिच्यामागे हे का चालू ठेवलंय, कळत नाही. मी बोलावत नाही. येऊ नका असंही म्हणत नाही.

त्यांना ऑफिसातलं सांगितलं, माझा भाग सोडून. प्रमाणपत्राचं सांगताच बटाटा सोलायचे थांबले.

"जावईबापू, हे तर आमच्याकडचंच झालं. एका बिल्डिंगमध्ये गेलो होतो, लिफ्ट पहिल्या मजल्यावर आली की हिसका द्यायची. भिंतीवर प्रमाणपत्र बघतो तर अस्सल! मुदत बाकी, आणि खाली सही माझीच. म्हटलं, आपणच काय माती खाल्ली? मग लिफ्टचा नंबर वाचला. शेजारच्या विंगच्या लिफ्टचं प्रमाणपत्र उचलून इथे लावलेलं. त्या दिवसापासून आधी नंबर, मग बाकीचं."

मी म्हटलं, हो, तसंच झालं.

"कुणी केली म्हणता ही तपासणी बंद?"

मी सांगितलं की नोंदीत तिचं नाव आहे. असंच म्हणालो. नोंदीत तिचं नाव आहे.

अप्पांनी हातातला बटाटा खाली ठेवला. मग म्हणाले, "तात्पुरतं असं लिहून तारीख नाही टाकली तिने? ती तर फ्रिजमधल्या डब्यावरसुद्धा तारीख टाकायची." मी म्हटलं, घाईत राहिली असेल. त्यांनी मान हलवली आणि मीठ मागितलं. वय झालं की माणूस बारीकसारीक गोष्टींत अडकतो.

१० मार्च, मंगळवार

इस्पितळात जावं लागलं, पत्ता नीट झाला की नाही ते तिथूनच तपासायचं होतं. इशारा दोन सेकंदांत पोचला. नर्स म्हणाली, "आता येतात हो, पण विश्वास बसत नाही. आम्ही दर तासाला प्रयोगशाळेत फोन करतो." बरोबरच आहे.

परत येताना चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि मी उतरलो. तिथे माझं काही काम नव्हतं. दार उघडं होतं. ती बाई उशीला टेकून बसली होती आणि तिचा नवरा एकेक वस्तू तिच्या हातात देत होता. "हा काय? कप. म्हण, कप." तिने कप हातात धरला, खूप वेळ बघितला, आणि म्हणाली, "खिडकी." नवरा म्हणाला, "जवळ आलीस." मग दोघं हसले.

त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "कुणाकडे आलात?" मी म्हटलं, मजला चुकला. जिना उतरून खाली आलो. बसमध्ये माझा स्टॉप पुढे निघून गेला, दोन स्टॉप चालत आलो.

११ मार्च, बुधवार

वायरमनला परत कामावर घेतलं. मॅडमचं म्हणणं, पत्ता कुणाचाही चुकू शकतो, तपासणी चालू असती तर एवढं झालंच नसतं. त्याला ताकीद मिळेल, नोकरी राहील. माझ्या टेबलाशी आला, खुर्ची ओढून बसला. डोळे लाल होते.

"बोलू की नको असं झालंय मला. पण वहिनींनी जाता जाता मला वाचवलं रे. मुलींची शिक्षणं आहेत. वाईट वाटतं, पण त्यांना आता काय त्रास होणार आहे?"

मी म्हटलं, नाही, त्यांना काय होणार.

त्याने माझा खांदा दाबला. हा चांगला माणूस आहे. ती आजारी पडली तेव्हा दोन्ही दिवस इस्पितळाच्या बाकावर माझ्याशेजारी बसून होता.

हिशेब असा आहे की वायरमन वाचतो, मी वाचतो, कंपनीही वाचते. ज्याचं काही बिघडू शकत नाही अशा एकीवर खापर फुटतं. मी हे चार-पाच वेळा तपासून बघितलं, कुठे चूक सापडत नाही. तरी घसा दुखतोय. सर्दी होणार बहुतेक.

१२ मार्च, गुरुवार

इस्पितळाला द्यायचा अहवाल तयार झाला. मॅडमनी मला वाचायला दिला, प्रोग्राम आता माझ्याकडे असल्यामुळे त्यावर माझी सही लागते. तिसऱ्या पानावर आहे: 'नावाची तपासणी बंद करण्याचा निष्काळजी निर्णय कंपनीच्या एका दिवंगत कर्मचारी महिलेने कुणालाही न विचारता घेतला.' खाली जोडपत्र, त्यात नोंद, तिचं पूर्ण नाव, वेळ.

निष्काळजी. मॅडमना म्हटलं, हा शब्द काढता येईल का? म्हणाल्या, वकिलांनी घातलाय, राहू दे. ही प्रत त्या बाईच्या नवऱ्यालाही जाणार आहे.

सोमवारपर्यंत सही करून देतो म्हणालो. ती प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायची. मला त्याचा वैताग यायचा. बाहेर पडताना गॅस बघायला परत वर जायची आणि मी खाली रिक्षावाल्यापुढे उभा. या शब्दाने तिचा अपमान होतोय एवढं मला कळतंय. राग यायला पाहिजे, असंही कळतंय.

१३ मार्च, शुक्रवार

मॅडमना सांगितलं. काही ठरवलं नव्हतं. त्या खोलीत चहा पीत होत्या, मी दारातूनच म्हणालो, "ती ओळ माझी आहे. मी तिच्या खात्यातून टाकली."

त्यांनी कप खाली ठेवला. मला बसवलं. सगळं ऐकून घेतलं आणि फार मायेने बोलल्या, तीच तर पंचाईत झाली.

"हे बघ, तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. आपल्या माणसाच्या नावावर डाग कोण लागू देईल? पण म्हणून तू तो स्वतःवर ओढून घेऊ नकोस."

"अहो, ओढून नाही घेत. मीच केलंय ते."

"ती रजेवर होती म्हणतोस. रजेवर असली तरी ती घरून काम करायची, हे अख्ख्या ऑफिसला माहितीय. खातं तिचं, पासवर्ड तिचा. कुठल्या मशीनवरून केलं त्या नोंदी वर्षानंतर पुसल्या जातात. वकील मला विचारतील, पुरावा काय? मी काय सांगू, नवरा म्हणतो म्हणून?"

नोंद अस्सल होती. मी जिवंत समोर बसून माझं नाव सांगत होतो आणि ते कुणी घेत नव्हतं. मॅडमनी डॉक्टरीणबाईंची चौकशी केली, सुट्टी घे म्हणाल्या.

वायरमनने ऐकलं असावं. जाताना माझ्याकडे बघितलं नाही. प्रकरण पुन्हा उघडलं तर आपली नोकरी जाईल, अशी भीती वाटली असेल.

१४ मार्च, शनिवार

काही नाही. दिवसभर झोपलो.

१५ मार्च, रविवार

अप्पा आले. बटाटे धुवायच्या आत मी त्यांना सांगितलं. उभ्या उभ्या सांगितलं, बसलो असतो तर राहून गेलं असतं. ओळ मी टाकली, तिच्या नावाने टाकली, तिला सांगितलं नाही, आणि गेले नऊ दिवस तिचं नाव तसंच राहू दिलं. तुमच्यासमोरसुद्धा.

अप्पांनी नळ बंद केला. हात पुसले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," म्हणाले. "ती नाही, एवढं माहीत होतं. तुम्ही की आणखी कुणी, ते कळत नव्हतं. म्हटलं, वाट बघू. तुम्ही फार वाट बघायला लावलीत."

मी सांगितलं की आता सांगूनही उपयोग झाला नाही, पुरावा मागतात.

"तारीख काय ती?"

मी तारीख सांगितली. ते तिथेच स्टुलावर बसले. "अहो, त्या दिवशी तर माझ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. रजा तिने माझ्यासाठीच काढली होती. तुम्हाला आठवत नाही?"

मला आठवत नव्हतं. रजा कशाला, हेसुद्धा मी तेव्हा विचारलं नव्हतं बहुतेक.

"पाचला घरी सोडलं आम्हाला. तासातासाला डोळ्यात थेंब घालायचे होते. तिने तक्ता केला होता, खुणा केल्या होत्या. असेल तो. मी कागद टाकत नाही." बटाटे तसेच राहिले. आज पाचच्या आधीच गेले. दारात म्हणाले, "उद्या येतो तुमच्या ऑफिसात. दहा वाजता."

१६ मार्च, सोमवार

अप्पा पावणेदहालाच आले, कोट घालून. कोटाच्या खिशात घडी केलेला तक्ता. मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं होतो, त्या, कंपनीचे वकील, अप्पा आणि मी. अप्पांनी तक्ता टेबलावर उलगडला. तिचं अक्षर. माझी त्याची तयारी नव्हती. सहा वाजता थेंब, पुढे बरोबरची खूण. सात वाजता थेंब, खूण. सगळीकडे तारीख.

वकिलांनी चष्मा लावून बघितलं. सभ्यपणे म्हणाले, "सहाला आणि सातला त्या तुमच्याजवळ होत्या, हे दिसतंय. पण सव्वासहाला? मधल्या वेळात लॅपटॉप उघडला असू शकेल."

"नाही," अप्पा म्हणाले. "तिचे दोन्ही हात गुंतलेले होते."

"इतकं नक्की कसं आठवतं? चार वर्षं झाली."

"डोळ्याला पट्टी होती, दुसरं करायला काही नव्हतं. रेडिओवर सहाच्या बातम्या चालू होत्या, त्या वीस मिनिटं चालतात. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं सांगितलं होतं, महिनाभर. बातम्या सुरू झाल्या तशी ती म्हणाली, अप्पा, पाय द्या इकडे, तुमची नखं वाढलीत. खाली जमिनीवर बसली. माझा पाय तिच्या मांडीवर घेतला आणि नखं कापली. दहाच्या दहा. मला गुदगुल्या होतात, मी पाय ओढत होतो, आणि ती ओरडत होती, हलू नका अप्पा, लागेल. बातम्या संपल्या तेव्हा दुसऱ्या पायाची करंगळी राहिली होती. आता तुम्ही सांगा, लॅपटॉप कुठे ठेवला असेल तिने?"

अप्पांनी तक्ता उचलला, घडी घातली, आणि परत उलगडून ठेवला, तो लागेल म्हणून.

सहा वाजून चौदा मिनिटांनी मी इथे तिच्या खुर्चीत बसून तिच्या नावाने ती ओळ टाकत होतो. आणि ती तिकडे जमिनीवर बसून वडिलांच्या पायाची नखं कापत होती. परत आल्यावर मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं की अप्पा कसे आहेत.

मग मला रडू आलं. मॅडम, वकील, सगळ्यांसमोर, तोंड झाकायचंही सुचलं नाही. ती गेल्यापासून पहिल्यांदा. थांबेना. वकील खिडकीबाहेर बघत राहिले. अप्पांनी माझा हात धरला नाही की पाठ थोपटली नाही, नुसते शेजारी बसून राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांचाही खांदा हलायला लागला.

दुपारी मॅडमनी अहवाल बदलून आणला. तिसऱ्या पानावर आता माझं नाव आहे, आणि निष्काळजी हा शब्द तसाच ठेवलाय. माझी नोकरी या महिन्याअखेर संपेल. वायरमनची राहील, ते मी मॅडमकडून लिहून घेतलं. प्रत त्या बाईच्या नवऱ्याला जाईल, माझ्या नावानिशी, आणि तो काय म्हणेल ते मला ऐकावं लागेल.

मॅडम म्हणाल्या, "नीट वाचून मग सही कर." मी पहिल्यापासून वाचलं, नावापाशी थांबलो, एकेक अक्षर बघितलं. मग सही केली.